गच्चीवरचा मचवा

पोळा होऊन गेला होता. त्या सकाळी माझे पती कोराडीच्या बसची वाट पाहत थांब्यावर उभे होते. ते खाली बसले. बस आली आणि गेली. ते उठले नाहीत.

लोकांनी त्यांना घरी आणलं तेव्हा सासूबाई गच्चीवर होत्या. गच्चीवर आमचा मचवा होता आणि त्याच्या रेघांवर धरलेलं शेवाळ त्या करवंटीनं खरवडत होत्या.

मचवा म्हणजे शिडाची, मालाची नाव. हा शब्द मला त्याच्या आदल्या हिवाळ्यापर्यंत ठाऊक नव्हता. मी मुलींच्या एका शाळेत ग्रंथपाल होते, शब्दांशी माझा रोजचा संबंध होता, पण समुद्राचे शब्द आमच्या कपाटांत फारसे नव्हते. आमच्या घरात कुणीच समुद्र पाहिलेला नव्हता. सुट्टीत आम्ही रामटेकला जायचो, एकदा चिखलदऱ्याला गेलो होतो. पाणी म्हणजे अंबाझरी किंवा खिंडसी, ज्याचा पलीकडचा काठ दिसतो ते.

माझे पती कोराडीच्या वीज केंद्रात नकाशे काढत. संध्याकाळी घरी आले की सदऱ्याच्या खिशाच्या शिवणीत बारीक राख असायची. त्यांच्या शेजारच्या टेबलावर कोकणातले एक गृहस्थ बदलून आले. त्यांना इथलं काहीच पटेना. नागपूरच्या वाऱ्याला वास नाही, असं ते म्हणत. त्यांचे मामा तांडेल होते, म्हणजे मचव्याचे मुख्य. किनाऱ्याकिनाऱ्यानं कौलं आणि जळाऊ लाकूड वाहून नेत. हे ऐकून आलेल्या दिवशी माझ्या पतींनी बूट काढायच्या आधी मला विचारलं, की असा एखादा मचवा घरच्या माणसांसाठी आठवडाभर भाड्यानं मिळत असेल का. मी म्हटलं, कशासाठी. ते म्हणाले, पाहायला.

त्यांनी सहकाऱ्याला गाठलं. सहकारी म्हणाले, "तुम्ही नागपूरकर आधी अंबाझरीत पाय बुडवून सर्दी होते का ते बघा." पण पत्र त्यांनी लिहिलं. महिन्याभरानं मामांचं उत्तर आलं, ते आमच्याकडे जेवताना मोठ्यानं वाचून झालं. माल कोणता, कुठून कुठवर न्यायचा आणि उतरवून कोण घेणार, एवढंच त्यांना हवं होतं. माझ्या पतींनी हात धुऊन लगेच उत्तर लिहिलं, की माल म्हणजे माणसं चार, जिथून उचलाल तिथेच आणून उतरवायची. यावर मामांनी भाच्याकडे वेगळी चौकशी केली, की हा मनुष्य नीट आहे ना. भाच्यानं कळवलं की मनुष्य नीट आहे, फक्त नागपूरचा आहे. मग मामा तयार झाले.

चार माणसं म्हणजे आम्ही दोघं, पाचवीतली मुलगी आणि सासूबाई. सासूबाईंनी मात्र पहिल्याच दिवशी नकार दिला.

"मी नाही येत गा बाबू. ज्या पान्याले काठ नाही, तिथं थांबाचं कुठं?"

"तू नाही तं मी बी नाही," ते म्हणाले.

हा हट्ट नव्हता. ते काय म्हणत होते ते मला कळत होतं. सासूबाई तरुणपणीच विधवा झाल्या. रामटेकजवळच्या गावी धानाची शेती त्यांनी स्वतः केली आणि या एकुलत्या मुलाला शिकवलं. त्या शाळेत गेल्या नव्हत्या. मुलगा शाळेतून आला की त्या बांधावर उभ्या राहून आज काय शिकवलं ते विचारायच्या, तो सांगायचा, आणि मग त्या असा एखादा प्रश्न काढायच्या की तो दुसऱ्या दिवशी मास्तरांकडे न्यावा लागायचा. त्यांचं सगळं शिक्षण असं झालं. पुढे मुलाला नोकरी लागली तरी सवय मोडली नाही. आईनं प्रश्न विचारल्याशिवाय आपण एखादी गोष्ट पाहिली असं माझ्या पतींना वाटतच नसे. तिला घरी ठेवून समुद्रावर जाणं त्यांच्या दृष्टीनं डोळे घरी ठेवून जाण्यासारखं होतं. त्यामुळे मचवा मिळाला तरी सगळं सासूबाईंवर अडलेलं राहिलं.

माझ्या पतींनी आईला समजावलं नाही. त्यांनी मचवा काढायला घेतला.

मामांनी मचव्याची लांबीरुंदी हातांत कळवली होती. कोपरापासून बोटाच्या टोकापर्यंत तो एक हात. आता हात कुणाचा धरायचा? आमच्या घरी कापड असो, दोर असो की पापड वाळवायची चादर असो, मोजायचं ते सासूबाईंच्या हातानं. त्यांचाच हात प्रमाण होता, त्यात कुणाला काही वावगं वाटलं नाही. एका रविवारी सकाळी ते चुन्याचं भांडं घेऊन गच्चीवर गेले आणि वरून हाक मारली, "आई, जरा तुहा हात पाह्यजे."

त्या वर गेल्या. गुडघ्यांवर बसून त्यांनी गच्चीवर हात टाकायला सुरुवात केली. एक हात, पुढे दुसरा, जसा खळ्याचा काठ मोजावा तसा. मुलगी मोजत होती, माझे पती मागून चुन्याची रेघ ओढत होते. पुढचं टोक निमुळतं करायचं म्हणून त्यांनी दोर धरून कमान काढली. डोलकाठीच्या जागी एक गोल, मागे सुकाणूची आडवी रेघ. दुपारपर्यंत आमच्या गच्चीवर मचवा झाला.

संध्याकाळी नेहमीसारखा सडा टाकला. उन्हाळ्यात आम्ही सगळेच गच्चीवर झोपायचो, गच्ची निवावी म्हणून बादल्यांनी पाणी ओतायचो. मचवा वाहून गेला. दुसऱ्या रविवारी सासूबाईंनी पुन्हा हात टाकले आणि या खेपेला माझ्या पतींनी पांढरा ऑइलपेंट आणला.

मग आत कुणी कुठे झोपायचं ते ठरवलं. डोलकाठीच्या अलीकडे ते, त्यांच्या शेजारी मुलगी, मग मी. सासूबाईंची जागा त्यांनी पुढच्या टोकाशी आखली. तिथून सगळ्यात आधी दिसेल, असं ते म्हणाले. सासूबाई रोज कठड्याशी उभ्या राहून हे पाहत आणि आपण येणार नाही असं सांगत. पण प्रश्न थांबले नव्हते. चूल कुठं? वारा इकडून आला तर धूर कुणाच्या तोंडावर? पोरीनं कूस बदलली तर ती पाण्यात नाही का जाणार? लहान्या कामाला बाईमाणसानं कुठं जायचं, हा प्रश्न त्यांनी मला बाजूला घेऊन विचारला. मी तो पतींना सांगितला, त्यांनी सहकाऱ्याला, त्यांनी मामांना. थांबायचं कुठं, हाही प्रश्न गेला. मामांनी पोस्टकार्डावर सगळ्यांची उत्तरं एकदमच पाठवली, की मचवा रोज संध्याकाळी खाडीत थांबतो, खाडीला दोन्ही काठ असतात, काठावर झाडी असते, बाईमाणसांची काळजी नको.

सासूबाईंनी ते कार्ड माझ्याकडून दोनदा वाचून घेतलं. त्या संध्याकाळी मी अंथरुणं घालायला वर गेले तर त्यांची गोधडी मागच्या बाजूला, सुकाणूच्या रेघेशी पडली होती.

"अवं, माही जागा इकडं कर," त्या म्हणाल्या. "तिकडून तुमच्याकडं पाठ होते. मले सारे दिसले पाह्यजेत."

 सकाळी कामावर जायच्या आधी माझ्या पतींनी मागच्या भागात नवी जागा आखली. त्या दिवशी त्यांची बस चुकली.

पुढची परीक्षा बोट लागण्याची होती. आमच्या ओसरीत बंगई होती, साखळ्यांवर टांगलेला जाड पाट, नागपुरात बहुतेक घरी असतो तसा. माझ्या पतींनी ती सरळ न झोकता तिरकी झोकायची आणि बसणाऱ्यानं पुस्तक वाचायचं, असा नियम केला. हातात लिंबू दिलं. मी एक पान वाचलं आणि मोरीकडे गेले. मुलगी हसत राहिली आणि मग एकदम हसायची थांबली. ते स्वतः बसले तेव्हा मी झोके दिले. चेहरा पांढरा पडला तरी ते सांगत राहिले की आत नेमकं काय होतं ते त्यांना कळतंय, पोट मागे राहतं आणि डोकं पुढे जातं. सासूबाईंना वाचता येत नव्हतं म्हणून त्यांनी सुपात तूर घेतली. आम्ही आळीपाळीनं झोके देऊन दमलो. त्यांनी तूर निवडून संपवली.

"बोट लागाची असती तं मले ह्या घरातच लागली असती," त्या म्हणाल्या. "इतके वर्ष काय करून राह्यली मी?"

तयारीला असा रंग चढला होता. मे महिन्याची सुट्टी धरून रेल्वेची तिकिटं काढायची ठरली. प्रवास मे महिन्यातच करायचा असतो यावर आमच्यात चर्चादेखील झाली नाही. शाळा बंद, कोर्ट बंद, अर्धं नागपूर तेव्हाच गाडीत बसलेलं असतं. माझे पती म्हणाले, उन्हात निघायचं तर प्रत्येकाच्या खिशात कांदा हवा, वर मचव्यावर टोपलीभर वेगळे. समुद्रावर ऊन लागत असेल का, हे आम्हाला माहीत नव्हतं. पण कांदा कुठेही बाधत नाही.

तारीख कळवली. उत्तर सहकाऱ्याच्या तोंडीच आलं. ते आमच्याकडे चहाला आले आणि कप खाली ठेवेपर्यंत हसत होते. मे महिन्यात कोकणात मचवे पाण्यावर नसतात. अक्षय्य तृतीया झाली की वारं फिरायला लागतं. मग मचवा वाळूवर ओढायचा, झावळ्यांनी शाकारायचा आणि नारळी पौर्णिमेला नारळ दिल्यावरच पुन्हा पाण्यात लोटायचा. पाहुण्यांना न्यायचं तर वारा शांत हवा, म्हणून दिवाळीनंतर या, असा मामांचा निरोप होता.

"म्हंजे समुद्राले बी सुट्ट्या राह्यतात?" सासूबाई म्हणाल्या.

"राहतात. आणि तुमच्याच शाळेच्या सुट्टीत," सहकारी म्हणाले.

मला वाईट वाटलं. माझ्या पतींना वाटलं नाही, हे मी आजही खात्रीनं सांगू शकते. ते म्हणाले, बरं झालं, अजून कितीतरी गोष्टी आपल्याला कळलेल्या नाहीत. या मधल्या महिन्यांबद्दल मी पुष्कळदा विचार केला आहे. ते महिने वाया गेले असं मला कधीच म्हणता आलेलं नाही.

त्या पावसाळ्यात भरती-ओहोटीचा प्रश्न निघाला. त्यांनी जेवताना सांगितलं की समुद्राचं पाणी दिवसातून दोनदा चढतं आणि दोनदा उतरतं.

"कोन ओतते?" सासूबाईंनी विचारलं.

ते म्हणाले, चंद्र ओढतो. त्यांनी वाटी आणि लिंबू घेऊन दाखवलं. सासूबाईंनी लिंबू फिरताना पाहिलं, मग वाटी आपल्याकडे ओढून घेतली.

"चंद्र तं आपल्या गच्चीवर बी येते. मंग आपल्या विहिरीचं पानी काहून नाही चढत?"

 माझे पती इतके खूश झाले की त्यांनी मला म्हटलं, पाहिलंस? त्यांनी दुसऱ्या दिवशी सहकाऱ्याला विचारलं. सहकारी म्हणाले, माझा जन्म भरतीच्या पाण्यात गेला पण हे माझ्या डोक्यात आलं नाही. मला त्यांनी शाळेच्या कपाटांत शोधायला सांगितलं. परीक्षेचे दिवस होते. मी म्हटलं, पाहते.

नारळी पौर्णिमेला आमच्याकडे राखी असते, नारळाचा तसा काही संबंध नसतो. त्या वर्षी त्यांनी नारळ आणला. गच्चीवरच्या मचव्याच्या टोकाला सासूबाईंनी हळदकुंकू वाहिलं. नारळ पाण्याला द्यायचा तर पाणी कुठलं, हा प्रश्न पडला. विहिरीत टाकला तर पुन्हा आपल्याच बादलीत येईल. शेवटी आम्ही चौघं नाग नदीच्या पुलावर गेलो. पावसानं तिला त्या दिवशी नदीसारखं पाणी होतं. त्यांनी मुलीला सांगितलं, की ही नाग कन्हानला मिळते, कन्हान वैनगंगेला, आणि तिचं पाणी पुढे गोदावरीतून समुद्रात जातं. मुलगी भूगोलात हुशार होती. ती म्हणाली, "पण बाबा, तो पूर्वेचा समुद्र. आपला मचवा पश्चिमेला आहे."

 सासूबाईंनी त्यांच्या हातातून नारळ घेतला आणि कठड्यावरून सोडून दिला.

"विचारत विचारत जाईन तो," त्या म्हणाल्या.

पंधरा दिवसांनी पोळा झाला. पोळ्यानंतर ते गेले.

त्या हिवाळ्यात मी बोलत नव्हते. शाळेत जात होते, पुस्तकं देत होते, घेत होते. घरी सासूबाई स्वयंपाक करत आणि मुलीला आज काय शिकवलं ते विचारत. आम्ही गच्चीवर जाणं सोडलं होतं. सहकारी एकदा येऊन गेले. मामांनी निरोप दिला होता की घाई नाही, मचवा कुठे जात नाही. मी त्यांना चहा दिला.

एका दुपारी शाळेत जुन्या पुस्तकांची झाडलोट करताना एका विज्ञानाच्या पुस्तकात मला ते सापडलं. समुद्र फार मोठा असतो. त्याच्या एका भागाला चंद्राची ओढ जास्त लागते, दुसऱ्या भागाला कमी, म्हणून पाणी इकडून तिकडे सरकतं आणि चढतं. विहीर एवढीशी असते, तिच्या सगळ्या पाण्याला ओढ सारखीच लागते. सरकायला जागाच नसते. मी ते पान तिथे उभ्यानं पुन्हा वाचलं. घरी गेल्यावर सासूबाई बंगईवर बसल्या होत्या. मी त्यांच्या शेजारी बसले आणि त्यांना सगळं सांगितलं. ते गेल्यापासून मी इतकं सलग बोलले नव्हते.

त्यांनी पूर्ण ऐकलं. मग पायानं बंगईला एक झोका दिला.

"बरं," त्या म्हणाल्या. "पन मले ते चढतानी पाहाचं हाये."

वर्षश्राद्ध होईपर्यंत कुठे जायचं नसतं, म्हणून आम्ही वर्ष पुरं केलं. गावाकडच्या एका नातेवाईक बाईंनी विचारलं की दोन विधवा बाया आणि एक पोर, समुद्रावर कसली मौज करायला जाताय? सासूबाईंनी त्यांना सांगितलं, "मौज नाही वं बाई, एक सवाल राह्यला हाये."  दिवाळीनंतर आम्ही निघालो. आधी रेल्वे, मग एस.टी. सहकारी सुट्टी काढून सोबत आले. टोपलीभर कांदे घेतले होते. थंडीचे दिवस होते, तरीही घेतले.

समुद्र पहिल्यांदा दिसला. सासूबाईंनी डाव्या हातापासून उजव्या हातापर्यंत मान फिरवली, जणू शेताची हद्द पाहत होत्या.

मचवा आमच्या मचव्यापेक्षा मोठा निघाला. मुलीच्या ते लगेच लक्षात आलं. मामांनी पुढे येऊन आपला हात कोपरापासून लांब केला आणि म्हणाले, हात म्हणजे हा. सासूबाईंनी आपला हात त्याच्या शेजारी धरला. बोटांची सारी लांबी कमी पडत होती. "बाईचा हात धरून होय आखलात?" मामा म्हणाले.

अंथरुणं आम्ही ठरल्याप्रमाणेच घातली. सासूबाई मागे सुकाणूशी, मग मी, मग मुलगी. माझ्या पतींच्या जागेचं काय करायचं हे मला निघाल्यापासून सुचत नव्हतं. इथे ती जागा होतीच, आणि डोलकाठीपर्यंत आणखी जागा उरत होती.  सासूबाई उठल्या, कांद्यांची टोपली उचलली आणि तिथे नेऊन ठेवली.

संध्याकाळी मचवा खाडीत आला. ओहोटी होती. काठाला दूरवर चिखल उघडा पडला होता. सासूबाईंनी लुगडं खोचलं आणि काठाला लागताच त्या चिखलात उतरल्या. मामा ओरडणार होते, पण त्यांची चाल पाहून थांबले. धानाच्या चिखलात चाललेलं माणूस ओळखू येतं. त्यांनी पाण्याच्या कडेला एक काडी रोवली, जशी धानाच्या बांधीत, म्हणजे वाफ्यात, पाणी किती झालं ते पाहायला रोवतात, आणि परत येऊन पाय हलवत मचव्याच्या कडेवर बसल्या.

मी त्यांच्या शेजारी बसले. पाणी बराच वेळ जागचं हललं नाही. मग काडीच्या बुडाशी आलं.  मुलगी चूल पेटवणाऱ्या खलाशाला बोट लागण्याबद्दल काहीतरी विचारत होती. काडी अर्धी बुडाली, मग तिचं टोक राहिलं, मग तेही गेलं.

"चढलं गा बाबू," सासूबाई म्हणाल्या.

त्या हळू बोलल्या होत्या, पण मी शेजारीच होते. मग त्यांनी मला विचारलं की उद्या पाणी उतरताना काडी तिथेच सापडेल की पाणी घेऊन जाईल. मी म्हटलं, पाहू.

सकाळी काडी तिथेच होती.

सासूबाई जाऊनही आता पुष्कळ वर्षं झाली. आमच्या बाजूची, हुडकेश्वरकडची शेतं जाऊन घरं आली, आमच्या गल्लीतल्या विहिरी बुजल्या. आमची विहीर आहे. बंगईच्या साखळ्या बदलल्या. मुलीनं गच्चीवर एक खोली बांधली, तिच्या फरशीखाली मचव्याचं पुढचं टोक आणि डोलकाठीचा गोल गेला. मागचा भाग बाहेर आहे. तिथे सुकाणूची आडवी रेघ आणि सासूबाईंच्या जागेची चौकट अजून दिसते.